लघवी आवरत नाही, तेव्हा रोज काय नेसावं, काय घालावं?

मोठ्या वयात लघवी आवरत नसेल तर डॉक्टर औषध सांगतात, व्यायाम सांगतात, कधी शस्त्रक्रियाही सुचवतात. पण उद्या सकाळी कपाटातून काय काढायचं, हे सहसा कुणी सांगत नाही. या विषयावर आलेली पत्रं आम्ही या वेळी एकत्र घेतली आहेत. नावं छापलेली नाहीत.

उत्तरांमध्ये एक गोष्ट पुन्हापुन्हा येईल: कपडे आतून बाहेर निवडायचे. आधी पॅड, मग ते धरून ठेवणारी चड्डी, मग परकर किंवा अस्तर आणि सगळ्यात शेवटी साडी किंवा पँट. बहुतेक जण उलटीकडून सुरुवात करतात. काळे कपडे आणतात, आणि ओल तरीही बाहेर येते.

मी ५२ वर्षांची, शाळेत शिक्षिका आहे. खोकला किंवा शिंक आली, वर्गात आवाज चढवला की थेंब थेंब लघवी होते. पाळीचं पॅड लावते, तरी दुपारपर्यंत परकर ओला होतो. शाळेत साडी नेसावीच लागते. फिक्या रंगाच्या सगळ्या साड्या बांधून ठेवल्या आहेत. (सांगली)

तुमची साडी नव्हे, पॅड चुकतंय. पाळीचं पॅड दाट, हळूहळू येणाऱ्या स्रावासाठी बनवलेलं असतं. लघवी पातळ असते आणि खोकल्यासरशी एकदम येते. ती पॅडवर पसरते आणि शोषली जायच्या आत कडेने निसटते. औषधाच्या दुकानात लघवीसाठीचं वेगळं पॅड मागा. त्यात पाण्याची जेली करून धरून ठेवणारी पावडर जास्त असते, त्यामुळे बसल्यावर दाब आला तरी ओल सहज परत वर येत नाही.

किती जाडीचं घ्यायचं, हे स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठरवा. कोरं पॅड तोलून वजन लिहून ठेवा. काढलेलं पॅड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पुन्हा तोला आणि पिशवीचं वजन वजा करा. १ ग्रॅम वाढ म्हणजे साधारण १ मिली लघवी. असं दोन-तीन दिवस केलं की आकडा हाती येतो. पाकिटावर लिहिलेली क्षमता प्रयोगशाळेत पॅड पूर्ण भिजवून मोजलेली असते. प्रत्यक्ष अंगावर त्याहून बरंच कमी मावतं. म्हणून ५० मिली गळत असेल तर निदान १०० मिली लिहिलेलं पॅड घ्या. त्याहून फार मोठं घेऊ नका. जाड पॅड मांड्यांमध्ये चुरगळतं आणि त्याच चुण्यांतून गळतं.

एकावर एक दोन पॅड लावायची सवय पुष्कळ जणींना असते. वरच्या पॅडची पाठ प्लॅस्टिकची असल्याने त्यातून खाली काहीच जात नाही. वरचं भरलं की लघवी थेट बाजूने बाहेर येते आणि खालचं पॅड कोरडंच राहतं.

आता चड्डी. सैल सुती चड्डीत पॅड अंगापासून बोटभर खाली लोंबतं. लघवी पॅडवर पडण्याआधीच मांडीवर ओघळते. सुती पण थोडं ताणलं जाणारं विणलेलं कापड असलेली, मांडीला नीट बसणारी चड्डी हवी. काढल्यावर मांडीवर वळ दिसत असेल तर ती घट्ट आहे, एक माप वर जा. इलॅस्टिक सैल झालेल्या जुन्या चड्ड्या या कामासाठी ठेवूच नका.

परकराबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण साडीची खरी राखण तोच करतो. साडीखाली घालायचे मासोळीच्या आकाराचे घट्ट परकर सध्या सर्रास मिळतात. ते तुमच्यासाठी दोन कारणांनी वाईट. ओटीपोटावर दाब आला की खोकताना जास्त गळतं. शिवाय घेर नसल्याने स्वच्छतागृहात ते पटकन वर घेता येत नाहीत. सहा कळ्यांचा सुती परकर बरा. तो घालून एक पाय खुर्चीवर ठेवता यावा आणि खालची किनार एका हातात गोळा होऊन कमरेपर्यंत यावी, एवढा घेर पुरे. साडीत परकराची नाडी सोडावी लागत नाही; साडी-परकर वर घ्यायचा आणि चड्डी खाली. त्यामुळे खरं तर साडी हा या त्रासात झटपट कपडा आहे.

आता ओल कुठे दिसते ते पाहा. पुढे निऱ्यांचे पाच-सहा थर असतात, तिथे ओल बाहेर यायला वेळ लागतो. मागे साडीचे जेमतेम एक-दोन थर असतात, आणि बसल्यावर सगळा भार तिथेच येतो. म्हणून परकराला फक्त मागून ठिगळ लावून घ्या. कोणताही शिंपी तासाभरात करून देईल:

नेफ्यापासून सुमारे २० सेंटीमीटर खाली मोजून खूण करा. तिथून खाली ५० सेंटीमीटर लांब आणि ४५ सेंटीमीटर रुंद एवढी जागा आखा. ही जागा बसल्यावर बुडाखाली आणि मांड्यांच्या मागे येते. त्या मापाचं जलरोधक कापड घ्या. धुवायच्या लंगोटांसाठी पातळ, मऊ, एका बाजूने प्लॅस्टिकचा लेप दिलेलं कापड ऑनलाइन मीटरवर मिळतं, ते चांगलं. छत्रीचं कापड वापरू नका. पाऊस त्यावरून ओघळतो, पण अंगाचा भार पडला की ते पाझरतं. बाळांचं रबरी कापड पाझरत नाही, पण घामाने अंग उकडून काढतं. जलरोधक कापडावर, म्हणजे अंगाच्या बाजूला, टर्किश टॉवेलचा किंवा फ्लॅनेलचा तुकडा हवा. तो चारही बाजूंनी २ सेंटीमीटर लहान कापा. इथे हमखास चूक होते: टॉवेलचा तुकडा जलरोधक कापडाच्या बाहेर आला की वातीसारखी ओल परकरात ओढतो आणि सगळी मेहनत वाया जाते. टाके फक्त कडेने घाला. मधोमध टीप मारली तर सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी झिरपतं.

असे दोन परकर पुरतात. हे ठिगळ पॅडच्या जागी नाही, पॅड चुकलंच तर साडी वाचवायला आहे.

फिक्या साड्या बांधून ठेवायचीही गरज नाही, तपासून घ्या. साडीच्या आतल्या टोकावर चमचाभर पाणी टाका आणि हातभर अंतरावरून पाहा. करडा, फिका निळा, खाकी आणि एकरंगी पिस्ता हे रंग ओले झाले की लगेच गडद दिसतात. पांढऱ्यावर ओल कमी दिसते, पण कापड पारदर्शक होतं. बारीक छापाच्या, विशेषतः दोन-तीन रंग मिसळलेल्या साडीत डाग दिसतच नाही. सिंथेटिक साडी भिजली तर अंगाला चिकटते, पण पंख्याखाली लवकर वाळते. जाड सुती तासन्‌तास ओली राहते. पैठणी किंवा दुसरं रेशीम नेसायचं असेल त्या दिवशी ठिगळाचा परकर नक्की घाला, कारण रेशमावरचा लघवीचा डाग घरी निघत नाही.

शाळेच्या कपाटात एका साध्या कापडी पिशवीत दोन पॅड, एक चड्डी, एक परकर, चेनची प्लॅस्टिक पिशवी आणि वर्तमानपत्राची दोन पानं ठेवा. आणि खोकल्या-शिंकेसरशी होणारी गळती ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या व्यायामाने पुष्कळ जणींची कमी होते. फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्या. नुसतं वाचून केलं तर बऱ्याचदा पोटच आवळलं जातं आणि दाब उलटा खाली येतो.

तीन महिन्यांपूर्वी प्रोस्टेटची शस्त्रक्रिया झाली. वय ६७. संध्याकाळकडे जास्त गळतं. बँकेत, बाजारात जाताना पँटवर पुढे ओला ठिपका दिसतो. डायपर घातलं तर पँट फुगलेली दिसते. (ठाणे)

शस्त्रक्रियेनंतर दिवस सरता सरता स्नायू दमतात, म्हणून संध्याकाळी जास्त गळतं. पुढच्या काही महिन्यांत बहुतेकांना फरक पडत जातो. तोवर पूर्ण डायपरची गरज नसेल तर पुरुषांसाठीचं पुढे खोलगट असलेलं पॅड वापरा. पाठीला चिकटपट्टी असते. ते बॉक्सरमध्ये टिकत नाही, बुडापर्यंत सरकतं. त्याला नेहमीची अंगासरशी ब्रीफ हवी. पॅडचा रुंद भाग वर, अरुंद भाग खाली आणि शिश्न खालच्या दिशेला, हे पाहा. वर किंवा बाजूला वळलेलं राहिलं की पॅड कोरडं आणि कंबरपट्टा ओला, असा प्रकार होतो.

लघवी करून बाहेर पडल्यावर मिनिटभरात ठिपका येत असेल, तर तो गळतीचा नसून नळीत राहिलेल्या लघवीचा असतो. लघवी झाल्यावर काही सेकंद थांबा. अंडकोषाच्या मागे बोटं ठेवून हलकेच वर आणि पुढे दाबत आणा, मग झटका. दोनदा करा. पुष्कळांचा पँटवरचा ठिपका एवढ्यानेच जातो.

पँट नेव्ही ब्लू, काळी किंवा बारीक चौकड्यांची घ्या. करडी आणि खाकी तूर्त ठेवून द्या. आसन, म्हणजे कमरेपासून दोन पायांच्या जोडापर्यंतचं अंतर, नेहमीपेक्षा २ सेंटीमीटर जास्त ठेवायला सांगा आणि पुढे दोन चुण्या. पॅडची जाडी त्यात लपते. पट्टा आवळू नका. पोटावरचा दाब थेट मूत्राशयावर जातो. शिंप्याकडून कंबरपट्ट्यात मागच्या बाजूला इलॅस्टिक घालून घेतलं तर पट्टा लागतच नाही. शर्ट खोचू नका. बुशशर्ट किंवा आखूड कुर्ता पँटच्या चेनच्या खालपर्यंत येईल एवढा लांब असला की झालं.

लोकलने जाणार असाल तर चढण्याआधी स्टेशनवर जाऊन या, गाडीत सोय नसते. पुरुषांच्या स्वच्छतागृहात पॅड टाकायला डबा सहसा नसतोच. म्हणून चेनची पिशवी खिशात असू द्या. कमोडमध्ये पॅड टाकू नका, ते फुगून नळ तुंबतो.

डायपरवर घट्ट पँट किंवा लेगिंग घातली तर गळायचं थांबतं का? (नाशिक)

नाही. घट्ट कपड्याने भरलेलं डायपर पिळलं जातं आणि ओल कडेने बाहेर येते. डायपर जागेवर राहावं म्हणून वरून ताणली जाणारी सुती चड्डी घाला. प्लॅस्टिकची सळसळही त्याने दबते.

सासूबाई ७८ वर्षांच्या. आयुष्यभर लुगडं नेसल्या. आता लघवीची घाई झाली की गुडघेदुखीमुळे मोरीपर्यंत पोचायच्या आत होऊन जाते. आम्ही गाउन आणले, त्या घालत नाहीत. डायपरचं नाव काढलं तरी रागावतात. (बार्शी)

आधी वेळ मोजा, आणि त्यांना सांगूनच मोजा. लघवीची जाणीव झाल्यापासून उठायला किती, चालायला किती आणि कासोटा सोडायला किती. बहुतेक घरांत असं दिसतं की चालण्यात वेळ जातो तेवढाच कपडे सोडण्यात जातो. मग दोन्हीकडून थोडा थोडा वेळ कमी करता येतो.

लुगडं एकदम सोडायला लावू नका. तो त्यांचा वेश आहे, आणि तो काढून घेतला तर त्या बाहेर पडायच्या बंद होतील. कासोट्याखाली पॅड टिकवायचं तर आत चड्डी लागते, आणि चड्डी खाली घ्यायची तर कासोटा पूर्ण सुटावा लागतो. घाईच्या वेळी हे जमत नाही. म्हणून दिवसाचे भाग पाडा. घरात असताना सहावारी गोल नेसायची, बाहेर आणि सणावारी लुगडं. सहावारी त्यांना पायात येत असेल तर घोट्याच्या चार बोटं वर नेसवा. मऊ, धुऊन धुऊन सुटलेली सुती साडी घ्या. खळ घातलेली साडी घाईत एका मुठीत गोळा होत नाही.

गाउन नको असण्याचं कारण विचारा. पुष्कळदा पदर नसणं हीच अडचण असते. गाउनवर डोक्यावरून घ्यायला सुती ओढणी किंवा अर्धी साडी दिली की काही जणी तयार होतात. गाउन घ्यायचाच तर गळ्याला पुढून चेन, घेर भरपूर आणि लांबी नडगीपर्यंत. जमिनीला टेकणारा गाउन मोरीत ओला होतो आणि त्यावरून पाय घसरतो.

डायपर या शब्दाला त्या रागावत असतील तर धुवायची चड्डी दाखवा. तिच्या आत शोषणारे थर शिवलेले असतात आणि ती दिसायला साधी चड्डी असते. थोड्या गळतीला ती पुरते. पूर्ण लघवी एका वेळी होत असेल, म्हणजे २०० ते ४०० मिली, तर तिच्याने ते पेलणार नाही. बाहेर जाताना वर ओढायचं, चड्डीसारखं डायपर मग लागेलच. पण ते त्यांच्यासमोर उघडून, हातात देऊन, कसं काढायचं तेही दाखवून ठेवा: बाजूच्या शिवणी फाडायच्या की ते मागून निघतं, पायातून काढावं लागत नाही.

खोलीतच कमोडची खुर्ची ठेवली तर चालणं वाचेल. आणि दर दोन तासांनी, घाई व्हायची वाट न पाहता, जाऊन यायला सांगा. हे सगळं अलीकडेच अचानक सुरू झालं असेल किंवा जळजळ, ताप, लघवीत रक्त असेल तर आधी लघवीची तपासणी करा.

पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत आणि धुतलेल्या कपड्यांनाही वास येतो. घरात आई आहे, दिवसाला चार-पाच कपडे ओले होतात. डेटॉल घालून पाहिलं. (रत्नागिरी)

ताज्या लघवीला फारसा वास नसतो. जंतू त्यातल्या युरियाचा अमोनिया करतात तेव्हा तो झोंबणारा वास येतो. ओला कपडा बंद बादलीत रात्रभर पडला की हेच होतं. डेटॉलने दुसरा वास चढतो, मूळचा जात नाही.

कपडा काढल्याबरोबर साध्या गार पाण्यात दोनदा खळबळून पिळा, मग लगेच धुणं जमलं नाही तरी चालतं. धुताना अर्धी बादली पाण्यात, म्हणजे ७-८ लिटरमध्ये, कपभर पांढरं व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवा. खळबळून काढा आणि नेहमीच्या साबणाच्या पावडरीने धुवा. पावडर नेहमीपेक्षा जास्त घालू नका. कापडात राहिलेला साबण ओल धरतो आणि कातडीला झोंबतो. शेवटी साध्या पाण्यातून एकदा जादा खळबळून काढा. सुती कपड्यांना गरम पाणी चालतं. इलॅस्टिकच्या आणि जलरोधक थराच्या कपड्यांना कोमटच, नाहीतर लेप सुटून भेगा पडतात. कपडे मऊ करणारं द्रव घालू नका, त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि धुवायची पॅडं शोषेनाशी होतात.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा. लघवीच्या कपड्यांवर ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर टाकू नका. अमोनियाशी त्याचा संयोग होऊन विषारी वायू निघतो. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र आले तरी तेच. छोट्या बंद न्हाणीघरात हे जिवावर बेतू शकतं.

वास गेला का, ते कपडा ओला असताना कळत नाही. इस्त्री फिरवून हुंगा. गरम झाल्यावर वास आला तर आत काही राहिलं आहे, पुन्हा व्हिनेगर. कोकणच्या पावसाळ्यात जाड सुती आणि टर्किशचे थर दोन-दोन दिवस ओले राहतात. म्हणून धुवायच्या चड्ड्यांवर जून ते सप्टेंबर विसंबू नका; टाकायची पॅडं आणि वर पातळ सुती किंवा टेरीकॉटचे गाउन असं करा. कपडे दोरीवर दुमडून न घालता चिमट्याला एका कडेने लटकवा आणि खालून टेबलफॅन लावा. दमट कपडा घालू नका. जांघेत लाल चट्टा येऊन त्याच्या कडेला बारीक पुळ्या दिसल्या तर बुरशीचा संसर्ग असू शकतो. त्यावर पावडर टाकत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

आईंना पाणी कमी देऊ नका. पाणी कमी झालं की लघवी दाट होते, वास वाढतो आणि मूत्राशय जास्त चिडतं.

पतीला पक्षाघात झाला, उजवी बाजू लुळी आहे. चाकाच्या खुर्चीत बसतात. पायजमा घालता-काढताना मला एकटीला उचलणं जमत नाही. उन्हाळ्यात डायपरने अंग लाल होतं. (नागपूर)

पायजमा पायातून घालायचाच नाही, असा शिवून घ्या. जुना सुती, सैल पायजमा घ्या. दोन्ही बाजूंच्या शिवणी नेफ्यापासून गुडघ्याच्या खालपर्यंत उसवा. मागच्या भागाला दोन्ही कडांवर ५ सेंटीमीटर रुंद पट्टी जोडा, म्हणजे पुढचा भाग तिच्यावर चढेल. प्रत्येक बाजूला ५ सेंटीमीटर लांबीचे वेल्क्रोचे चार तुकडे लावा, साधारण १२ सेंटीमीटर अंतरावर. खरखरीत भाग खालच्या पट्टीवर, बाहेर तोंड करून. अंगाला लागला तर ओरखडे येतात. नेफ्यातलं इलॅस्टिक मधे तोडून पुढे-मागे वेगळं शिवा. मागचे खिसे असतील तर काढा, त्यांच्या शिवणींवर तासन्‌तास बसून कातडी फाटते. मागची उंची पुढच्यापेक्षा ६-७ सेंटीमीटर जास्त ठेवा, नाहीतर खुर्चीत बसल्यावर पाठ उघडी पडते. धुताना सगळे वेल्क्रो बंद करा.

घालताना त्यांना पलंगावर कुशीवर वळवा, मागचा भाग अंगाखाली सरकवा, परत पाठीवर आणा आणि पुढचा भाग वरून घेऊन चिकटवा. उचलायचं काहीच नाही. सदरा मात्र हातातून घालावा लागेल: घालताना आधी लुळी बाजू, काढताना शेवटी लुळी बाजू. लुंगी सोपी वाटते, पण खुर्चीच्या चाकात अडकते. ती पलंगावरच ठेवा.

डायपर चिकटपट्ट्यांचं घ्या. कमरेचं आणि नितंबांचं माप घेऊन मोठ्या आकड्यावर माप निवडा, पण “जास्त मावेल” म्हणून एक माप वर जाऊ नका. मांडीपाशी फट राहते. लावण्याआधी आतल्या दोन उभ्या झालरी बोटांनी बाहेर काढा. त्या आत दुमडलेल्या राहिल्या की पहिल्याच वेळी मांडीकडून गळतं. शिश्न खाली वळवून ठेवा. खालच्या पट्ट्या थोड्या वर तिरक्या, वरच्या थोड्या खाली तिरक्या लावा.

नागपूरच्या उन्हाळ्यात डायपर दिवसभर लावून ठेवू नका. दुपारी दोन तास पलंगावर जलरोधक शोषक चादर पसरा, वर लुंगी सैल पांघरा आणि कातडीला हवा लागू द्या. पुसताना घासू नका. कोमट पाण्याने धुवा, मऊ कापडाने टिपा, मग झिंकच्या मलमाचा किंवा व्हॅसलीनचा अगदी पातळ हात. थर जाड झाला की तो डायपरच्या वरच्या थरावर बसतो आणि डायपर शोषत नाही. कण्यावर किंवा कुल्ल्यांवर बोटाने दाबूनही न पांढुरकणारा लाल डाग दिसला तर तो शय्याव्रणाची सुरुवात असू शकते. त्याच दिवशी दाखवा.

बाळंतपणाला आठ महिने झाले. ऑफिसला जीन्स घालते, हसले तरी थोडी गळते. (पुणे)

जीन्सचं कमरेला घट्ट बटण तूर्त नको. डेनिम भिजलं की दिवसभर ओलं राहतं, हेही आहेच. गडद, मऊ, इलॅस्टिकच्या कमरेची पँट आणि वर मांडीपर्यंतचा कुर्ता घाला. कुर्त्याच्या बाजूच्या चिरा कमरेपासून सुरू होत असतील तर बसताना पदर बाजूला होऊन पँट उघडी पडते. चिरा नितंबांच्या खाली सुरू होतील एवढ्या शिवून घ्या. आठ महिन्यांनंतरही गळत असेल तर आपोआप थांबेल म्हणून वाट पाहू नका, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

वय ६०. यंदा आषाढी वारीत पुणे ते सासवड चालायचं आहे. घाई झाली की थांबवता येत नाही. मांड्या घासून सोलवटतात. पांढरी साडी नेसावी असं मैत्रिणी म्हणतात. (पिंपरी)

हा टप्पा लांब आहे, तीसेक किलोमीटर, त्यात दिवे घाट आणि पाऊस. साडीचा हट्ट धरू नका. पावसात भिजलेली सुती साडी पायांना गुंडाळते आणि ओला परकर मांड्यांना घासतो. सैल सलवार, वर गुडघ्याखालपर्यंतचा कुर्ता, आणि आत गुडघ्यापर्यंतची, सायकल चालवणारे घालतात तशी अंगासरशी नायलॉनची तंग चड्डी. ती पॅड जागेवर ठेवते आणि मांडीवर मांडी घासू देत नाही. सुती तंग चड्डी घेऊ नका, ओली झाली की तीच सोलवटते. मांड्यांच्या आतून आणि जांघेत सकाळी आणि दुपारी व्हॅसलीन लावा.

सलवारीला नाडी नको. ओल्या नाडीची गाठ घाईत सुटत नाही, आणि घाई असते तेव्हाच ती सगळ्यात घट्ट बसते. नेफ्यात इंचभर रुंदीचं इलॅस्टिक घाला, लांबी कमरेच्या मापाहून ३ इंच कमी. सलवार आणि आतली चड्डी दोन्ही अंगठे आत घालून एकाच हालचालीत खाली येतात का, ते घरी पाहा. सलवारीची मोरी, म्हणजे पायाची खालची कड, अरुंद ठेवा, म्हणजे उकिडवं बसताना पायघोळ जमिनीवर पसरत नाही. पांढरंच हवं असेल तर कुर्ता पांढरा आणि सलवार गडद.

वाटेत फिरती शौचालयं असतात, पण रांग असते. म्हणून घाई व्हायच्या आधीच रांगेत उभं राहायचं. पॅडं नेहमी लागतात त्याच्या दुप्पट घ्या, प्रत्येक वेगळ्या प्लॅस्टिक पिशवीत, कारण पावसात भिजलेलं पॅड आधीच भरलेलं असतं. वापरलेलं पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका करा, म्हणजे कचरा वेचणाऱ्या बाईला न उघडता कळेल. ते रस्त्याकडेला टाकू नका, मुक्कामाच्या गावी कचऱ्यात द्या.

आणि हे सगळं अंगावर चढवून निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी एकदा सात-आठ किलोमीटर चालून या, शक्यतो पावसात. काही टोचत असेल, घासत असेल तर बदलायला तेवढे दिवस हाताशी हवेत.